भिंतीवरचे काळवीट पारखताना

बिदर जिल्ह्यातले भालकी, औराद, बसवकल्याण आणि कलबुर्गी जिल्ह्यातले आळंद हा सगळा पट्टा मराठी-कानडी सरमिसळीचा. १९४८ पर्यंत तो निजामाच्या राज्यात होता. इथल्या एखाद्या जुन्या वाड्याच्या बैठकीत आजही पेंढा भरलेले मुंडके टांगलेले दिसते. लाकडी फळीवर बसवलेली मान, पिळाची दोन शिंगे, काचेचे डोळे. घरातली पोरे त्याला हरीण म्हणतात, वडीलधारी माणसे आजोबा-पणजोबांच्या शिकारीची गोष्ट सांगतात, आणि आलेला पाहुणा मान वर करून म्हणतो, "अगदी जिवंत वाटतं हो!"

बहुतेक वेळा ते तसे नसते. डोळे बटबटीत असतात, कान सुकलेल्या पानासारखे वळलेले असतात, मान एखाद्या उशीसारखी गोल फुगलेली असते. पण पाहणाऱ्याला जिवंत जनावराची ठेवणच आठवत नसल्यामुळे यातले काही खटकत नाही. जिवंतपणा ही मोघम गोष्ट नव्हे, तो भागाभागाने तपासता येतो. घरात असे मुंडके असेल, मुलांना घेऊन एखादे संग्रहालय पाहायचे असेल किंवा कोणी "जुनी, अस्सल वस्तू" म्हणून काही विकायला आणले असेल, तर काय पाहायचे आणि कोणत्या क्रमाने पाहायचे, हे ठाऊक असलेले बरे.

पहिला नियम सोपा आहे आणि तोच सर्वाधिक मोडला जातो: पेंढा भरलेल्या प्राण्याची तुलना दुसऱ्या पेंढा भरलेल्या प्राण्याशी करू नये, जिवंत प्राण्याशी करावी. या बाबतीत सीमाभागातला वाचक भाग्यवान आहे. काळवीट पाहायला त्याला लांब जावे लागत नाही. बिदरजवळच्या होन्निकेरीच्या रानात आणि आसपासच्या तूर-ज्वारीच्या शिवारात काळविटांचे कळप अजून दिसतात. कलबुर्गी जिल्ह्यातले चिंचोळी अभयारण्य २०११ साली जाहीर झाले. काळवीट, लांडगा, तरस ही कोरड्या मुलखातली जनावरे तिथे आहेत. सोलापूरकडे नान्नजचे माळढोक अभयारण्य आहे, कर्जत तालुक्यात रेहेकुरीचे खास काळविटांसाठी राखलेले छोटे अभयारण्य आहे. सकाळच्या उन्हात, दुर्बिणीतून, अंतर राखून तासभर कळप पाहिला की भिंतीवरच्या मुंडक्यातले निम्मे दोष आपोआप दिसू लागतात.

दुर्बीण नसेल तर दावणीची शेळी आहे. काळवीट हे शास्त्राच्या हिशोबाने चितळ-सांबरांच्या कुळातले नाही. ते गाई-शेळ्यांच्या कुळातले, म्हणजे शेळीचे जवळचे नातलग. डोळ्याची बाहुली, पापणीची कड, कानाच्या बुडाचे स्नायू, ओठांची घडी, कपाळावरच्या केसांची दिशा या गोष्टी हाताच्या अंतरावरून पाहायला उस्मानाबादी शेळीइतका सोयीचा नमुना नाही.

याच कुळभेदामुळे परीक्षेची सुरुवात शिंगांपासून करावी. चितळ-सांबराची शिंगे हाडाची आणि फाटे फुटलेली असतात. ती दर वर्षी गळतात, पुन्हा उगवतात, आणि उगवताना त्यांच्यावर मखमलीसारखी कातडी असते. काळविटाची शिंगे गळत नाहीत. आत हाडाचा गाभा आणि वर नखासारख्या द्रव्याचे वलयदार आवरण अशी त्यांची घडण असते. पूर्ण वाढलेल्या नराची शिंगे साधारण ३५ ते ७५ सेंटिमीटर भरतात. दोन्ही शिंगे कपाळापासून इंग्रजी व्हीसारखी फाकत जातात आणि त्यांचे पीळ एकमेकांची आरशातली प्रतिमा असतात. दोन्ही पीळ एकाच दिशेने फिरत असतील, तर आवरणे अदलाबदल झाली आहेत, किंवा दोन वेगळ्या जनावरांची शिंगे एकत्र आली आहेत, किंवा माल नकली आहे. बुडाशी शिंग आणि कातडी यांच्यामध्ये फट दिसते का, तेही पाहावे. जिवंत जनावरात केस थेट शिंगाला भिडलेले असतात. तिथे मेणाचा किंवा लांबीचा जाड वळ दिसला, तर काम घाईचे आहे.

शिंगांवरून वय कळते आणि वयाशी रंग जुळावा लागतो. काळविटाची मादी बदामी रंगाची असते आणि तिला सहसा शिंगे नसतात. नराचे पाडस लहानपणी तसेच बदामी असते. त्याच्या शिंगांना आधी पीळ नसतो, तो वर्षागणिक चढत जातो आणि त्याच बेताने पाठ गडद होत जाते. म्हणजे शिंगांना तीन-चार पूर्ण पीळ आणि कातडी मात्र फिकी बदामी, हे गणित जमत नाही. शिंगे एका जनावराची आणि कातडी दुसऱ्याची, अशी शंका तिथे घ्यावी.

मात्र इथे घाई करू नये, कारण दख्खनचा मामला थोडा वेगळा आहे. चित्रांत आणि कॅलेंडरांवर दिसणारे कोळशासारखे काळे काळवीट हे बहुधा उत्तरेकडचे. दक्षिणेतले नर बऱ्याचदा गडद तपकिरीवरच थांबतात, आणि पावसाळा सरल्यावर दिसणारी गडद झाक उन्हाळ्यात उतरते. म्हणून औरादच्या एखाद्या घरातले तपकिरी काळवीट पाहून "रंग उडालाय" किंवा "हे खरे काळवीटच नाही" असे म्हणणे चुकीचे ठरू शकते. उलट इथल्या मुलखातले म्हणून सांगितलेले मुंडके डांबरासारखे एकसारखे काळे असेल, तर त्यावर रंग मारला असण्याची शक्यता धरावी. खात्री करायची तर केसांच्या मुळाशी पाहावे. जिवंत केस बुडाशी फिका आणि टोकाकडे गडद असा छटेछटेने बदलतो. रंग मारलेला केस एका रंगाचा आणि एकमेकांना चिकटलेला असतो.

उडालेला रंग ओळखण्याची युक्तीही आहे. मुंडक्याची खिडकीकडची बाजू आणि भिंतीकडची बाजू शेजारी ठेवून पाहावी. उजेडाची बाजू लालसर-पिवळी पडलेली आणि सावलीची बाजू गडद राहिलेली असेल, तर तो उन्हाचा परिणाम. दोन्ही बाजू सारख्या असतील, तर ती जनावराची मूळ छटा. डोळ्याभोवतीचे पांढरे कडे, हनुवटी आणि ओठांखालचा पांढरा भाग हे काळविटाच्या चेहऱ्याचे खास लक्षण आहे. जुन्या घरात चुलीच्या धुराने आणि धुळीने ते मळकट पिवळे होते. पांढऱ्या-काळ्याची सीमारेषा मात्र टिकून असायला हवी. ती रेषा ब्रशने ओढल्यासारखी सरळ असेल तर ती खरोखरच ब्रशने ओढलेली असते. निसर्गात तिथे दोन्ही रंगांचे केस एकमेकांत मिसळतात.

आता डोळा. जाणकार माणूस आणि नवखा माणूस यांच्या नजरेतला फरक सर्वात जास्त इथेच कळतो, म्हणून थोडे थांबायला हवे.

काळवीट, चितळ, सांबर, शेळी, मेंढी या सगळ्यांची बाहुली आडवी असते. माणसाची, कुत्र्याची, वाघाची गोल असते. स्वस्तातल्या कामात गोल बाहुलीचा काचेचा डोळा बसवलेला असतो, आणि तोही पिवळसर कडा असलेला. त्यामुळे बिचारे हरीण मांजरासारखे रोखून पाहू लागते. चांगल्या कामातला डोळा गडद तपकिरी असतो, बाहुली आडवी आणि जवळ जाऊन निरखल्याशिवाय वेगळी न दिसणारी असते. पुढची खूण त्याहून बारीक आहे. चरायला मान खाली घातली तरी या प्राण्यांची बाहुली जमिनीला समांतर राहते, कारण डोळा खोबणीत फिरून ती आडवीच ठेवतो. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली शेळ्या, मेंढ्या आणि घोड्यांची निरीक्षणे करून हे दाखवले होते. लांडगा कोणत्या बाजूने येतो हे चरतानाही दिसावे, ही त्यामागची गरज. सकाळी शेळीला चारा टाकावा आणि तिच्या डोळ्याकडे पाहावे, म्हणजे पटेल. म्हणून मान खाली घातलेल्या किंवा वर उचललेल्या मुंडक्यात बाहुली डोक्याबरोबर कलंडलेली दिसली, तर कारागिराने डोळा बसवला, पण जनावर पाहिले नव्हते असे समजावे.

बाहुलीइतकीच पापणी महत्त्वाची. पापणीला जाडी असते, ती बुबुळावर टेकलेली असते. कातडी नीट कमावली नसेल तर वाळताना आकसते आणि पापणी मागे सरकते. मग डोळा वटारल्यासारखा दिसतो आणि काचेच्या कडेला मातीची रेघ उघडी पडते. दोन्ही डोळे समोरून, एकाच उंचीवरून पाहावेत. एक थोडा वर, एक थोडा खाली असला की चेहरा बिघडतो, आणि का बिघडला हे चटकन सांगता येत नाही. यासाठी मोबाइलवर समोरून फोटो काढून तो उलटा करून पाहण्याची पद्धत चांगली आहे. सवयीचा चेहरा उलटा झाला की तिरकेपणा लगेच कळतो.

डोळ्याच्या पुढच्या कोपऱ्याखाली काळविटाला एक ठळक खाच असते. ती अश्रूंची वाट नव्हे, गंधग्रंथी आहे. नर ती गवताच्या काडीवर, काटेरी फांदीवर घासून आपली हद्द सांगतो, आणि तो चेतला की ती खाच उघडते. चितळ-सांबरांनाही अशी ग्रंथी असते. खराब कामात ही खाच शिवून टाकलेली असते किंवा तिथे काळ्या रंगाची नुसती रेघ असते. बोटभर लांबीचा हा भाग जिथे खोलीसकट, आतल्या कातडीच्या घडीसकट दाखवला आहे, तिथे कारागिराने मेहनत घेतली आहे असे खुशाल मानावे.

नाकाच्या बाबतीत दोन्ही कुळांत फरक आहे. चितळ-सांबराच्या नाकाचा शेंडा उघडा, बिनकेसांचा, ओलसर दिसणारा असतो, तर काळविटाच्या नाकावर केस बरेच खालपर्यंत येतात. त्यामुळे काळविटाला व्हार्निश फासून चमकवलेले मोठे काळे नाक दिले असेल तर ते चूकच. नाकपुडीत टॉर्चचा उजेड टाकावा. आत जाणारा, वळणारा पोकळ मार्ग दिसायला हवा. तिथे सपाट भिंत लागली, तर ते जनावर श्वास घेणारे वाटणार नाही, चेहरा कितीही गोड असो.

कान पातळ असतात आणि म्हणून सर्वात आधी बिघडतात. कारागीर कानाच्या आतली कूर्चा काढून तिथे पातळ पत्रा, कागदाचा लगदा किंवा प्लास्टिक घालतो. ते जाड झाले तर कान पुठ्ठ्यासारखा दिसतो, आणि कूर्चा तशीच ठेवली तर वाळून वेडीवाकडी वळते. कानाच्या बुडाशी स्नायूंचा उंचवटा असला पाहिजे. सपाट कवटीवर चिकटवलेला कान हा हौशी कामाचा ठरलेला दोष. कानांची दिशा आणि चेहऱ्याचा भाव यांचाही मेळ बसावा लागतो. सावध काळवीट कान पुढे करून, मान ताठ ठेवून उभे राहते. मादीपुढे मिरवणारा नर नाक वर करतो, शिंगे पाठीवर टेकवतो आणि कान खाली सोडतो. शिंगे पाठीवर आणि कान मात्र सावधासारखे पुढे, अशी सरमिसळ काही मुंडक्यांत आढळते. जॉर्ज शॅलर यांनी कान्हाच्या जंगलात चितळ, सांबर, बारशिंगा आणि काळवीट यांच्या वागण्याचा अभ्यास करून १९६७ साली 'द डिअर अँड द टायगर' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. हरणांच्या अशा हावभावांची ओळख करून घ्यायला तो आजही उपयोगी आहे.

मानेवरून हात फिरवण्याचा मोह टाळावा, त्याचे कारण पुढे येईल. नजरेने मात्र ती नीट पाहावी. श्वासनलिकेचा उंचवटा, तिच्या बाजूची खोलगट रेघ आणि जबड्याखालची वळणे दिसायला हवीत. मुंडके तयार करताना कातडी मानेच्या मागच्या बाजूने चिरतात आणि तो छेद वर दोन फाटे करून दोन्ही शिंगांपाशी नेतात. शिवण तिथेच असते. सांबराच्या आयाळीत ती सहज लपते. काळवीट-चितळाचे केस आखूड, म्हणून त्यांची शिवण लपवणे अवघड, आणि म्हणूनच कारागिराची खरी परीक्षा तिथे होते. टाके दिसत असतील, शिवणीच्या दोन बाजूंचे केस वेगवेगळ्या दिशेला वळत असतील किंवा चितळाच्या ठिपक्यांच्या ओळी शिवणीपाशी तुटत असतील, तर गुण कापावेत. मानेच्या खोलगट जागी कातडी आतल्या साच्यापासून सुटून ताणलेली असेल, तर तिथला आकार बुजतो. चांगल्या वस्तूतही वर्षे उलटल्यावर हा दोष येतो.

हे सगळे दोष-गुण कुठून येतात, हे समजायला ही कला कशी बदलली ते थोडक्यात पाहू. सुरुवातीला खरोखरच कातडीच्या पिशवीत पेंढा, भुसा, चिंध्या कोंबत. स्नायू नाहीत, हाडे नाहीत, म्हणून मान उशीसारखी व्हायची. अमेरिकन कारागीर कार्ल एकली यांनी आधी शिल्पकारासारखे मातीत जनावर घडवायचे, त्याचा हलका पोकळ साचा काढायचा आणि त्यावर कातडी चढवायची, ही पद्धत रुळवली. शिकागोच्या फील्ड म्युझियममधली त्यांची चार ऋतूंतली हरणे १९०२ च्या सुमारास पूर्ण झाली. एकाच जातीचे हरीण चार देखाव्यांत आहे आणि प्रत्येक देखाव्यात केसांचा रंग, शिंगांची अवस्था आणि भोवतालची पाने त्या त्या ऋतूची आहेत. ही कसोटी आपल्याकडच्या चितळालाही लागू पडते. मखमल चढलेली शिंगे आणि माजावर आलेल्या नरासारखी फुगलेली मान एकाच मुंडक्यात असू नये.

आपल्या कर्नाटकातले मोठे नाव म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्याचे. विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झालेला त्यांचा कारखाना संस्थानिक आणि इंग्रज शिकाऱ्यांचे काम करी. भरभराटीच्या काळात वर्षाला चारशेहून अधिक वाघ-बिबटे तिथून तयार होऊन बाहेर पडत. शिकारबंदीनंतर काम आटले आणि १९९९ साली कारखाना बंद झाला. त्या घराण्यातले जुबेर व्हॅन इंगेन २०१३ साली शंभराव्या वर्षी वारले. कागदाच्या लगद्याचे नेमके साचे ही या कारखान्याची ताकद होती. पण साच्यावरच्या कामाची एक मर्यादा सगळीकडे सारखीच असते. साचा आणि कातडी एका मापाची नसली तर कातडी एकतर ताणावी लागते, नाहीतर तिला चुण्या पडतात. जुन्या मुंडक्यामागे फळीवर कारखान्याचे लेबल किंवा क्रमांक असेल तर तो पुसू नये, त्यावर रंग देऊ नये. वस्तूच्या वयाचा तो पुरावा आहे.

आजच्या काळात चांगले काम पाहायचे तर मुंबई गाठावी. बिदरहून थेट रेल्वे आहे. छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयातला निसर्गविज्ञान विभाग बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या मदतीने उभा राहिला. तिथले देखावे पाहताना प्राण्याइतकेच त्याच्या पायाखालचे गवत, उजेडाची दिशा आणि कळपातल्या प्राण्यांची एकमेकांकडे वळलेली अंगे पाहावीत. हेच प्राणी पाहून मुंबईच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातले शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक डॉ. संतोष गायकवाड या कलेकडे वळले. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २००९ साली सुरू झालेले टॅक्सिडर्मी केंद्र त्यांच्या प्रयत्नांतून आले. प्राणिसंग्रहालयात किंवा जंगलात मेलेले प्राणी परवानगीनेच तिथे घेतले जातात आणि अभ्यासासाठी जतन होतात. हाडे-स्नायू रोज शिकवणारा माणूस हे काम करतो, तेव्हा खांद्याचा सांधा कुठे मुडपतो हे त्याला अंदाजाने ठरवावे लागत नाही. कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमधल्या संग्रहालयातही जुन्या शिकारींचा मोठा साठा आहे. त्या संस्थानात पाळीव चित्ते सोडून काळविटांची शिकार होत असे. चित्ता भारतातून गेला, काळवीट थोडक्यात वाचले, हे तिथे उभे राहून मुलांना जरूर सांगावे.

पूर्ण देहाचा नमुना असेल तर आणखी दोन गोष्टी. काळविटाची खांद्यापाशी उंची साधारण ७४ ते ८४ सेंटिमीटर असते. टेप लावून पाहिल्यास साचा मोठा घेतला की लहान हे कळते. दुसरे, वजन. चारही खूर जमिनीवर टेकलेले असूनही जनावर तरंगल्यासारखे दिसते, तेव्हा खांदे-पुठ्ठ्यांवर शरीराचा भार दाखवलेला नसतो.

घडण चांगली असली तरी हवा ती बिघडवते, आणि आपली हवा या कामी कठोर आहे. कलबुर्गीचा उन्हाळा चाळिशी पार करतो, पाठोपाठ पावसाळ्याची ओल येते. कातडी सुकून आकसते, पुन्हा दमट होते. आधी कानांची टोके, मग ओठ, मग डोळ्यांचे कोपरे तडकतात. त्यात कसर आणि चामडी खाणारे भुंगेरे. मुंडक्याखाली जमिनीवर बारीक भुसा किंवा किड्यांच्या काती पडलेल्या दिसल्या, केसांचे पुंजके सुटू लागले, तर कीड चालू आहे. फळीला वाळवी लागली आहे का, तेही मागून पाहावे. उन्हाची तिरीप, स्वयंपाकघराची भिंत आणि ओल येणारी भिंत या तिन्हींपासून वस्तू दूर असावी.

आता हात न लावण्याचे कारण. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये निघालेला सोमलाचा, म्हणजे आर्सेनिकचा साबण कातडीला आतून लावण्याची पद्धत विसाव्या शतकातही बराच काळ जगभर चालू होती. किडीपासून कातडी वाचे, पण विष तिथेच राही. पुढे डीडीटीसारखी कीटकनाशकेही फवारली गेली. जुने मुंडके विषारी आहे असे धरूनच वागावे. कोरड्या फडक्याने किंवा झाडूने धूळ उडवू नये. हातमोजे आणि मास्क घालून, मऊ ब्रशने, उघड्या हवेत धूळ काढावी आणि नंतर हात साबणाने धुवावेत. लहान मुलांना कुरवाळू देऊ नये. केस धुणे, तेल लावणे, घरच्या घरी कीटकनाशक मारणे हे सगळे टाळावे.

नकली मालाबद्दल थोडक्यात सांगायचे तर राळेची किंवा फायबरची शिंगे भिंगाखाली गुळगुळीत आणि बुडबुड्यांच्या खुणा असलेली दिसतात, साच्याच्या जोडाची उभी रेघही सापडते. खऱ्या शिंगावर बारीक उभे तंतू असतात आणि प्रत्येक वलय थोडे वेगळे असते. पण मुळात ही परीक्षा विकत घेण्यासाठी कोणी करू नये. नकली वस्तू अस्सल म्हणून विकणारा गिऱ्हाइकाला फसवतो, आणि अस्सल वस्तू विकणारा त्याला तुरुंगाच्या दारात नेऊन उभा करतो.

कारण कायदा स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे संरक्षणाच्या सर्वात वरच्या पायरीवर. अशा प्राण्याच्या बाबतीतल्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षे कैद आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान पंचवीस हजार रुपये दंड आहे. घरातले जुने मुंडके कायदेशीर ठरते ते मालकीच्या प्रमाणपत्राने. "आजोबांच्या काळातले आहे" एवढे सांगून ते कायदेशीर होत नाही. २००३ साली केंद्र सरकारने अशा वस्तू जाहीर करायला १८० दिवस दिले होते. प्रमाणपत्र असलेली वस्तू फक्त वारसाहक्काने पुढे जाते, आणि वारसाने नव्वद दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकाकडे ती जाहीर करायची असते. ज्याला ती ठेवायची नाही, त्याला सात कामकाजाच्या दिवसांची सूचना देऊन ती सरकारजमा करता येते. जंगलात गळून पडलेले चितळाचे शिंगसुद्धा उचलून घरी आणता येत नाही.

२०२३ च्या ऑक्टोबरात वाघनखाच्या लॉकेटवरून कर्नाटकात गाजलेली अटक झाली, तेव्हा कित्येक घरांतल्या भिंतींकडे लोकांचे पहिल्यांदा लक्ष गेले. राज्याचे वनमंत्रिपद त्या वेळी भालकीचे आमदार ईश्वर खंड्रे यांच्याकडे होते. पुढच्या जानेवारीत सरकारने बिनपरवाना वस्तू स्वाधीन करण्यासाठी तीन महिन्यांची मुदत जाहीर केली. तशी सवलत आजही चालू आहे असे कोणी गृहीत धरू नये आणि घाबरून मुंडके जाळू किंवा पुरू नये. पुरावा नष्ट केला तर अडचण वाढते. घरातले कागद शोधावेत, वस्तूचे फोटो काढावेत, जुन्या पिढीकडून माहिती लिहून घ्यावी, एखाद्या वकिलाचा सल्ला घ्यावा आणि बिदर किंवा कलबुर्गीच्या उपवनसंरक्षक कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. दुरुस्ती करायची असली तरी आधी त्यांनाच विचारावे.

आणि ज्यांच्या भिंतीवर असे काही नाही, त्यांनी ते आणण्याच्या भरीस पडू नये. त्यापेक्षा पाऊस ओसरल्यावर एखाद्या रविवारी मुलांना होन्निकेरीकडे किंवा चिंचोळीला न्यावे. वनखात्याची परवानगी लागत असेल तिथे ती आधी काढावी, गाडी रस्त्यावरच ठेवावी, कळपामागे धावू नये आणि कुत्रे सोबत नेऊ नये.